शिष्यवृत्ती, कचेरी आणि वाडी

(शहापूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज आम्ही जे वाचायला घेतलंय त्याला कुणी साहित्य म्हणणार नाही. एका मोठ्या संस्थेचे दोन तऱ्हेचे कागद आम्ही समोर ठेवलेत. एक, तिचं विविधतेचं धोरण, म्हणजे आमच्या कार्यालयात सगळ्या तऱ्हेच्या माणसांना जागा आहे असं सांगणारा कागद. दुसरा, परदेशी शिकायला या, आम्ही मदत करू, असं सांगणारी शिष्यवृत्तीची पत्रकं. संस्था आहे ब्रिटिश कौन्सिल. आणि वाचणारे आम्ही, म्हणजे शहापूर-मुरबाडमधले पाच-सहाजण. काही शिक्षक, काही शिकून नोकरीला लागलेले. रविवारी पोरांचे फॉर्म भरून द्यायला बसतो, एवढीच आमची विद्या. तेव्हा ही समीक्षा फॉर्म भरणाऱ्याच्या नजरेनं केलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ब्रिटिश कौन्सिल १९३४ साली सुरू झाली, १९४० साली तिला राजसनद मिळाली आणि भारतात ती १९४८ पासून आहे. तिच्या कामाचं नाव ‘सांस्कृतिक संबंध’. म्हणजे राजदूत जे करतात ते नव्हे, व्यापारी करतात तेही नव्हे. भाषा, कला, शिक्षण यांच्या वाटेनं दोन देशांतल्या माणसांची ओळख घडवायची. उद्देशाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. मुंबईत आणि पुण्यात हिच्या ग्रंथालयात बसून वाढलेल्या मराठी माणसांची एक पिढीच आहे. आमच्या तालुक्यांत मात्र तिचं नाव कुणाला ठाऊक असलं तर ते इंग्रजीच्या परीक्षेमुळे.

आता संबंध म्हटला की ये-जा आली. कोण कुठून कुठे जातं, हे आधी बघू.

मुरबाड तालुक्यात फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका, गुलाबी लुगडी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका गुरुजींची कल्पना. जगभरचे कॅमेरे फांगण्याला येऊन गेले. चांगलंच झालं, आज्यांना सही करता येऊ लागली आणि जगाला एक चांगली गोष्ट बघायला मिळाली. दुसरं उदाहरण पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातलं, म्हणजे २०१४ साली पालघर वेगळा होण्याआधीचं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारली चित्रं त्यांनी भिंतीवरून कागदावर आणली आणि ती युरोपात गेली. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचं काम मांडलं गेलं. २०११ साली पद्मश्री मिळाली.

म्हणजे आमच्या डोंगरांतलं बाहेर जात नाही असं नाही. चित्र जातं, गोष्ट जाते, फोटो जातो. त्या चित्राचा अभ्यास करायला म्हणून आदिवासी पोरगी तिकडच्या विद्यापीठात जाते का? आमचा सगळा प्रश्न इतकाच आहे. बघण्याची वस्तू म्हणून आम्हाला सहज प्रवेश आहे, बघणारा म्हणून अडतं. म्हसेबाबांच्या चित्रावर परदेशात प्रबंध लिहायचा म्हटलं तर आजही तो लिहिणारा बहुधा परक्या भाषेचा, परक्या गावचा असतो.

इथे थोडं मागे जाऊ. कारण शिष्यवृत्ती आणि कचेरी या दोन गोष्टी एकत्र का वाचायच्या, हे आम्हाला ब्रिटिश कौन्सिलच्या कागदांनी शिकवलं नाही, बडोद्यानं शिकवलं.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. शिष्यवृत्ती म्हणून बघितलं तर याहून नेमकी निवड कुठल्या समितीनं केली असेल? आणि मग १९१७ साली हा माणूस करार पाळायला बडोद्याला आला. राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन दारात उभे. हिंदू मित्राकडे विचारलं, ख्रिस्ती मित्राकडे विचारलं, सोय झाली नाही. सार्वजनिक बागेत बसून दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. कचेरीतल्या वागणुकीबद्दलही आपण सगळ्यांनी वाचलंय.

आम्ही यातून काय घेतो? महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, पण कचेरी होती तशीच राहिली. शहर होतं तसंच राहिलं. पैसा एका माणसावर खर्च झाला, त्याला सामावून घेणाऱ्या जागेवर झाला नाही. सयाजीरावांचं मोठेपण यानं कमी होत नाही. पण शिकायला पाठवणं आणि शिकून आलेल्याला कामाच्या जागी नीट बसू देणं, ही दोन कामं एकाच खात्याकडे नसली की काय होतं, त्याचा हा धडा आहे.

आजच्या संस्थांनी हा धडा उलट्या बाजूनं गिरवलाय असं आमचं म्हणणं आहे. आज कचेरीचं धोरण पुष्कळ सुधारलंय. त्या कचेरीपर्यंत पोहोचायची वाट मात्र तशीच आहे.

धोरणाकडे येऊ. ब्रिटनमधल्या संस्थांच्या विविधता-धोरणांचा पाया म्हणजे त्यांचा २०१० सालचा समानता कायदा. त्यात नऊ गोष्टी संरक्षित धरल्यात. वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह किंवा नागरी भागीदारी, गरोदरपण आणि बाळंतपण, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लिंग, लैंगिक कल. यादी चांगली आहे. यातल्या किती गोष्टींवर आपल्या सरकारी कार्यालयात नुसतं बोलता येईल, हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. अपंग माणसासाठी उतरंड आहे का, बाळंतीण परत आल्यावर तिचं टेबल जागेवर असतं का, एवढं जरी विचारलं तरी आमच्या ओळखीची बरीच कार्यालयं गप्प बसतील. तेव्हा इंग्रजांचा कागद नुसता देखावा आहे असं आम्ही म्हणणार नाही.

पण या नऊत जात नाही. ती यावी म्हणून कायद्यातच सोय ठेवली होती. २०१० साली मंत्र्यांना तसा अधिकार दिला, २०१३ साली त्यांच्या संसदेनं तो अधिकार बदलून कर्तव्य केलं. आणि २०१८ च्या जुलैत सरकारनं सांगितलं की आम्ही हे करणार नाही, न्यायालयाच्या निकालांवर भागेल. आता तो निकाल कुणाचा, हे ऐका. परमिला तिर्की नावाच्या मूळच्या बिहारमधल्या आदिवासी बाईचा. तिला घरकामाला इंग्लंडला नेलं होतं. दिवसाला अठरा-अठरा तास, आठवड्याचे सातही दिवस, साडेचार वर्षं. मजुरी ताशी अकरा पेन्स पडली. २०१४ साली अपील न्यायाधिकरणानं म्हटलं की जातीवरून केलेला भेदभाव ‘वांशिक मूळ’ या सदरात बसू शकतो. पुढच्या वर्षी तिला थकलेल्या मजुरीपोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून जास्त रक्कम मंजूर झाली.

म्हणजे ब्रिटनमध्ये कामाच्या जागी जातीविरुद्ध जो काही आधार उभा आहे, तो एका आदिवासी मोलकरणीच्या खटल्यावर उभा आहे. पण अशा कायद्यावरून विविधतेचा जो फॉर्म तयार होतो, त्यात तिला स्वतःबद्दल सांगायला जागा कुठे? तिकडच्या जनगणनेच्या धर्तीवर फॉर्म काढला की ‘भारतीय’ असा एकच रकाना. त्या रकान्यात मलबार हिलचा मुलगा आणि डोळखांबच्या पुढच्या वाडीतली कातकरी मुलगी शेजारी-शेजारी बसतात. दोघं भारतीय, झाली विविधता. मुंबई-दिल्लीच्या ऑफिसात सगळेच भारतीय असले तर हा रकाना काहीच सांगत नाही. अमेरिकेत सिएटल शहरानं २०२३ च्या फेब्रुवारीत जात हा शब्द कायद्यात घातला, तेव्हा हे जमत नाही अशातला भाग नाही.

कुणी म्हणेल, अहो, पण जात विचारणं बरं दिसतं का? शहरात हा प्रश्न फार विचारला जातो. वाडीत कुणी विचारत नाही, तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं.

बरं, आता शिष्यवृत्तीचा कागद. यात दोन प्रकार ठळक आहेत आणि दोघांत फरक करायला हवा. एक म्हणजे ‘ग्रेट’ शिष्यवृत्ती. एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या फीपोटी किमान १० हजार पौंड. आपल्या हिशेबात अकरा-बारा लाख. आकडा मोठा वाटतो आणि जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरात असतो. पण परदेशी विद्यार्थ्याची फी बऱ्याच ठिकाणी वीस हजार पौंडांच्या वर जाते. राहणं-खाणं निराळं, व्हिसा निराळा, वर आरोग्य सेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. म्हणजे ज्याच्याकडे पंधरा-वीस लाख आधीच आहेत त्याला उरलेल्याची सोय. ही मदत खोटी नाही. पण ती कुणाला आहे, ते स्पष्ट म्हणावं. आमच्याकडच्या शेतकऱ्यानं हायवेलगतची जमीन विकली असेल तर त्याच्या पोराला ती उपयोगी पडेल.

दुसरी, विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या स्त्रियांसाठीची. हिच्याबद्दल आम्ही मनापासून चांगलं बोलू. यात पूर्ण फी आहे, महिन्याचा खर्च आहे, प्रवास आहे, व्हिसाचा खर्च आहे आणि इंग्रजीसाठी मदतही आहे. हा कागद लिहिताना कुणीतरी वाटेचा विचार केलाय. मुलीच्या घरी तिकिटाचे पैसे नसतील, एवढं साधं वाक्य कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. अडचण पुढे येते. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, त्याच्याखाली आश्रमशाळा आहेत. पण प्रत्येक आश्रमशाळेत अकरावी-बारावी विज्ञान नाही. म्हणजे जी शिष्यवृत्ती वाटेचा विचार करते ती विज्ञानाच्या दारात उभी आहे, आणि आमच्या मुली त्याआधीच्या फाट्यावर कला शाखेकडे वळवल्या जातात. दोष ब्रिटिश कौन्सिलचा नव्हे. पण दारात किती जणी पोहोचल्या यावर जी संस्था खूश होते, तिनं फाटा कुठे आहे हे एकदा येऊन बघावं. कसारा लोकल आहेच.

इंग्रजीच्या परीक्षेबद्दल बोलायलाच हवं. आयईएलटीएस. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात, आणि एकदा दिलेला निकाल दोन वर्षंच चालतो. ही परीक्षा ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज अशा तिघांची. २०२१ साली ब्रिटिश कौन्सिलनं भारतातला हा धंदा आयडीपीला १३ कोटी पौंडांना विकला. धंदा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय, कारण खरेदी-विक्री धंद्याचीच होते. करोनाच्या काळात संस्थेला ओढ लागली होती, सरकारकडून कर्ज घ्यावं लागलं होतं, हेही खरं. तिचा बराचसा खर्च परीक्षा आणि इंग्रजीच्या वर्गांवर निघतो. पण मग हिशेब असा दिसतो की फाटकावर पैसे घ्यायचे आणि फाटकाच्या आत शिष्यवृत्ती द्यायची. आत येऊन निवड झालेल्यांचे फोटो छापले जातात. फाटकावर अठरा हजार ऐकून परत गेलेल्यांची नोंद कुठेच होत नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरात अठरा हजार म्हणजे काय, तर पावसाळ्यात घेतलेल्या उचलीएवढा आकडा. त्यावर अख्खं कुटुंब पुढचा हंगाम बांधलेलं असतं.

आता सगळं माप इंग्रजांच्या पदरात टाकून आम्ही घरी जाणार नाही. आपल्या सरकारच्या योजना बघा. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची परदेशी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला जागा २०. अख्ख्या देशात. त्यातल्या १७ अनुसूचित जमातींना आणि ३ विशेष असुरक्षित आदिम जमातींना. महाराष्ट्रात अशा तीन जमाती, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे आमच्या दोन तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांतून कुणी उठलं तर त्याच्यासाठी देशभरात तीन खुर्च्या आहेत. कमी म्हणून ओरडावं, तर आधी विचारावं लागतं की त्या खुर्चीपर्यंत आमच्याकडून किती अर्ज गेले.

अर्ज का जात नाही? कारण जमातीचा दाखला, त्याची वैधता, उत्पन्नाचा दाखला. भट्टीवर जन्मलेल्या पोराचा जन्मदाखला कुठल्या ग्रामपंचायतीचा? ठाकूर समाजाचं तर निराळंच. नुसत्या आडनावावरून संशय, मग तुमचे सण सांगा, नाच सांगा, देव सांगा. समितीसमोर बसून पोरानं आपण आदिवासी असल्याचं नाचून दाखवायचं बाकी राहतं. ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०२३ रोजी सांगितलं की ही आप्तभाव चाचणी म्हणजे काही अंतिम कसोटी नव्हे. निकाल आला तेव्हा कितीजणांची प्रवेशाची वर्षं निघून गेली होती. आणि गंमत बघा, आमच्या पोराला आपली संस्कृती समितीला पटवून द्यावी लागते, आणि तीच संस्कृती परदेशी महोत्सवात विनादाखला चालते.

सामाजिक न्याय मंत्रालयाची शिष्यवृत्ती निराळी, तिच्या १२५ जागा. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. २०२२ साली तिच्या नियमांत एक ओळ आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतीय समाज यांच्यावरच्या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, ते इथेच शिकावं. १९१६ सालच्या मे महिन्यात कोलंबियातल्या एका परिसंवादात आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. या नियमानं तो विद्यार्थी पहिल्या चाळणीत गळला असता.

तेव्हा दोन्हीकडे अडतं. तिकडच्या फॉर्मला आमची जात दिसत नाही, इकडच्या फॉर्मला जातीशिवाय दुसरं काही दिसत नाही.

मग आमची मागणी काय? जागा वाढवा ही आहेच. पण त्याआधीची एक मागणी आहे. विविधतेचं धोरण नोकरभरतीपुरतं न ठेवता ते अर्ज वाचणाऱ्या खोलीत न्या. अर्ज कोण वाचतं? ‘नेतृत्वगुण दाखवा’ असं फॉर्म म्हणतो. शहरातला मुलगा लिहितो, मी कॉलेजच्या महोत्सवाचा समन्वयक होतो. आमची मुलगी लिहिते, बाई गेल्यावर मी वाडीतल्या पोरांचा अभ्यास घेत होते. दोन्हींचं वजन करायला वाचणाऱ्याला वाडी माहीत असावी लागते. आश्रमशाळेतून आलेलं एक माणूस जरी त्या टेबलाशी बसलं तरी बाकीच्यांचं वाचणं बदलेल. असं माणूस कार्यालयात नसेल तर तिथला विविधतेचा अहवाल कितीही सुबक असो, शिष्यवृत्तीच्या यादीत तो उतरणार नाही. बडोद्याचा धडा इथे लागू पडतो. दोन्ही कामं एकाच खात्यात आणा.

आणि ओळखीचं काय? आनंदीबाई जोशी कल्याणच्या, १८६५ चा जन्म. आमच्या मुरबाडच्या एसटीचं शेवटचं ठिकाण कल्याणच. त्या १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. ते कशामुळे शक्य झालं? गोपाळरावांचं एक पत्र मिशनऱ्यांच्या मासिकात छापलं गेलं होतं, ते न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना. पुढे दोघींची पत्रं सुरू झाली. म्हणजे एक पत्र आणि वाचणारं एक माणूस. आमच्याकडे पत्रं आहेत. परवाचीच गोष्ट सांगतो आणि थांबतो, कारण पुष्कळांना शेवटची जीप गाठायचीय.

आमच्याकडे एक कातकरी तरुण आला होता, पदवीधर. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता. तिथे २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागतात. तो म्हणाला, “सर, मी तर नोकरीच केली नाही.” आम्ही म्हटलं, “भट्टीवर होतास ना रे?” दिवाळीनंतर पावसाच्या तोंडापर्यंत, दिवसाचे बारा तास, महिन्याचे सव्वीस दिवस. कागदावर मांडलं. दोन हंगामांतच २,८०० च्या वर गेले, आणि त्यानं अठराव्या वर्षापासून चार हंगाम केलेत. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग मालकाचं नाव, हुद्दा, कामाच्या तारखा. पगाराची पावती नाही, उचलीचा हिशेब शेठच्या वहीत. हुद्द्याच्या जागी काय लिहायचं यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. तारखा विचारायला म्हणून त्यानं तिथूनच मुकादमांना फोन लावला. उचलला त्यांनी. म्हणाले, “आता खेप भरतोय, रातच्याला कर. आणि यंदा येतोस का नाय, ते सांग.”